लेकीला रक्तातल्या कणांतून कॅन्सरचं औषध पाठवायचंय, मग बी.फार्म घ्यावं का नॅनो?

ताई, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. लेकीची बारावी झाली, ग्रुप पीसीबी, नीटमध्ये एमबीबीएसच्या जवळपासही नाही पण सीईटीला पर्सेंटाइल बरे आहेत. आजीची केमो चालू होती तेव्हा डे-केअरला तीच सोबत बसायची, मग कुठंतरी वाचलं की रक्तातच असणाऱ्या बारीक कणांत औषध भरून थेट कॅन्सरच्या पेशीत सोडता येतं, आणि तेव्हापासून "मला हेच करायचंय" असा धोशा लावलाय. एका खाजगी विद्यापीठाचं बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजीचं माहितीपत्रक घरी आलंय, फी वर्षाला सव्वादोन लाख. आणि मिस्टर म्हणतात बी.फार्म करून शेवटी मेडिकलच टाकायचं तर एवढा खटाटोप कशाला.

आधी एक सांगतो, पोरगी हवेत बोलत नाहीये. आजींच्या फाइलीत लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट असेल तर काढा, त्यात एलडीएल लिहिलेलं असतं बघा, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणून शिव्या घालतो. तो एक गोळा असतो, साधारण 22 नॅनोमीटरचा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), आत कोलेस्टेरॉल आणि चरबी, वरून पातळ थर आणि त्याला वेढून बसलेलं एकच अवाढव्य प्रोटीन. त्याला ओळखून आत घेणारा रिसेप्टर पेशीवर असतो, हे ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीनं डॅलसला शोधलं आणि 1985 चं नोबेल मिळवलं. आता भराभर वाढणाऱ्या पेशीला नवीन आवरणासाठी कोलेस्टेरॉल लागतंच, म्हणून कॅन्सरच्या बऱ्याच पेशी हे गोळे हावऱ्यासारखे ओढून घेतात. मग लोकांनी विचार केला की आतलं कोलेस्टेरॉल काढून तिथं औषध भरलं तर? पाण्यात न विरघळणारं औषध चरबीत छान बसतं, आणि कण रक्तातलाच असल्यानं शरीरही त्याला परका समजत नाही.

पण लिव्हर मधे येतं. एलडीएल ओढून घ्यायचं मुख्य काम लिव्हरचंच, म्हणजे औषध नको तिथंही जाणार. यावर अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या गँग झेंग आणि जेरी ग्लिकसन यांच्या टीमनं 2005 मध्ये एक भारी युक्ती केली, एलडीएलच्या त्या प्रोटीनला फोलिक अ‍ॅसिड चिकटवलं. हो, गरोदर बायकांना आशाताई देतात त्या गोळ्यांतलंच. आता नेहमीचा रिसेप्टर त्याला ओळखेना आणि ज्या पेशींवर फोलेटचे, म्हणजे फोलिक अ‍ॅसिडचे, रिसेप्टर जास्त आहेत त्या त्याला घ्यायला लागल्या, आणि काही कॅन्सरमध्ये ते रिसेप्टर खूप जास्त असतात. हे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवर दाखवलेलं काम आहे, एलडीएलमध्ये भरलेलं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही, हे लेकीला आत्ताच सांगून ठेवा.

रक्तातली दुसरी एक वस्तू मात्र दवाखान्यात कधीच पोचलीय, ती म्हणजे अल्ब्युमिन, आपल्या रक्तद्रवात सगळ्यात जास्त असणारं प्रोटीन. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात देतात, आणि त्या द्रावकाचीच अ‍ॅलर्जी येते म्हणून सलाइन लावायच्या आधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन द्यावं लागतं. आजींना हे औषध असेल तर लेकीनं ते समोर बघितलेलंच असणार. तेच पॅक्लिटॅक्सेल माणसाच्या अल्ब्युमिनला बांधून 130 नॅनोमीटरचे कण केले आणि एरंडेलवालं द्रावक काढूनच टाकलं, 2005 मध्ये अमेरिकेत अ‍ॅब्रॅक्सेन नावानं स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं.

आता कोर्सचं बोलू. वरचं सगळं परत वाचा आणि मला सांगा, यात नेमकं काम काय आहे? चरबी, प्रोटीन, काय कशात विरघळतं, काय कशाला चिकटतं आणि कुठं सुटतं. म्हणजे केमिस्ट्री आणि फार्मास्युटिक्स (औषधाला द्यायचं रूप बनवायचं शास्त्र). मी एका लॅबमध्ये एलडीएल वेगळं करताना बघितलंय, रक्तद्रवात पोटॅशियम ब्रोमाइड टाकून त्याची घनता वाढवतात, नळ्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (प्रचंड वेगानं फिरणारं यंत्र) तासन्‌तास फिरवतात, आणि शेवटी वरती हळदीच्या पाण्यासारखा पिवळा-केशरी पट्टा तरंगतो, तो एलडीएल. रंग गाजरातल्या कॅरोटीनचा. हे ब्रोमाइडचं मीठ किती टाकायचं हा हिशोब चुकला तर दिवस वाया. ही कामं ज्याला जमतात तो नॅनोवाला, मग डिग्रीवर काही का लिहिलेलं असेना.

म्हणून बारावीनंतर लगेच नॅनोचं बी.टेक. मला पटत नाही. माझ्याकडं आलेला एक मुलगा, हुशार पोरगा, असाच कोर्स करून बसला होता, ना फार्मा कंपनी फार्मसीवाला म्हणून घेई ना कुणी केमिस्ट म्हणून घेई, आणि कण मोजायचं मशीन चार वर्षांत त्यानं प्लास्टिकच्या कव्हरखालीच बघितलं.

लेकीनं सीईटीवरून बी.फार्म घ्यावं, कॅप राउंडमध्ये (सरकारी प्रवेश फेरीत) चांगलं जुनं कॉलेज मिळालं तर डोळे झाकून. मुंबईचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मिळालं तर उत्तमच. चार वर्षांनी जीपॅट (एम.फार्मची प्रवेश परीक्षा), ती निघाली की नायपर या केंद्र सरकारच्या फार्मसी संस्थांची जेईई देता येते (महाराष्ट्रात नायपर नाही, मोहाली-हैदराबाद-अहमदाबादकडं जायची तयारी ठेवा) आणि एम.फार्म फार्मास्युटिक्समध्ये करायचं, ड्रग डिलिव्हरी (औषध हवं तिथं पोचवायचं काम) तिथं खरी सुरू होते. जीपॅटवर एम.फार्मला महिन्याला 12,400 मिळतात, पुढं पीएच.डी.ला जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) लागली तर 37,000 आणि घरभाडं वेगळं. फार्मसी अजिबातच नको असेल तर बी.एस्सी. केमिस्ट्री, मग आयआयटीची जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा), हा रस्ता स्वस्त आहे पण मधेच थांबलं तर नोकरीचं अवघड. फार्म.डी.चं नाव कुणी सुचवेल, तो सहा वर्षांचा आणि पेशंटकडं जाणारा कोर्स, तिच्या डोक्यात आहे ते हे नाही.

मिस्टरांना सांगा, मेडिकल टाकायला डी.फार्मही पुरतं, बी.फार्म त्यासाठी कुणी करत नाही. 2012 ला अमेरिकेत डॉक्सिलचा, म्हणजे चरबीच्या कणांत भरलेल्या डॉक्सोरुबिसिनचा (ते लाल रंगाचं केमो) तुटवडा पडला तेव्हा त्यांनी आपल्या मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स मागवलं होतं. असे कण कारखान्यात रोज सारख्याच मापाचे काढणारी माणसं फार्मसीतूनच येतात, त्या खात्याला फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंट म्हणतात. पगार सुरुवातीला आयटीएवढा नसतो, ते खरंय. आणि पीएच.डी. धरली तर आजपासून दहा-अकरा वर्षं, त्यात मधे लग्नाचा विषय काढणार असाल तर आत्ताच बोलून घ्या, उगाच सहाव्या वर्षी भांडण नको.

ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी लेकीला घेऊन दोन-तीन कॉलेजांत जाऊन या. प्लेसमेंटचे फोटो बघत बसू नका, फार्मास्युटिक्सच्या लॅबमध्ये जा आणि पार्टिकल साइझ मोजायचं मशीन कुठंय विचारा. त्याच्या शेजारी लॉगबुक असतं, ते उघडून शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे एवढं बघा आणि मला कळवा.