जांघेतलं गजकर्ण बरं होऊन परत का येतं? घरातल्यांना लागतं का?

तुम्ही लिहिलंय की मलम लावलं की चट्टा जातो आणि थोड्या दिवसांत पुन्हा उठतो. मी प्रयोगशाळेत त्वचेचे खरवडून घेतलेले नमुने तपासते, म्हणून आधी एकच विचारते: पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्यात का?

गजकर्ण हा बुरशीचा आजार, आणि जांघेतली बुरशी पुष्कळदा आपल्याच पायांवरून आलेली असते. बोटांत चिखल्या असतात, त्याही बहुधा याच बुरशीच्या, पण त्यांना कुणी आजार मानत नाही. चड्डी चढवताना ती पावलांना घासत वर जाते आणि बुरशी जांघेत पोचते. टॉवेलनेही तेच होतं. पायाची नखं जाड, पिवळट झाली असतील तर बुरशीचा मुक्काम तिथेही असू शकतो, आणि नखातली बुरशी नुसत्या मलमाने सहसा हटत नाही. तेव्हा पायांवरही उपचार हवेत. आधी मोजे घाला, मग चड्डी. पाय पुसायला वेगळा टॉवेल ठेवा.

घरातल्यांना लागतं, हो. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातल्या, केसांतल्या आणि नखांतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. गळून पडणाऱ्या बारीक खपल्यांत ती महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे अंगाला अंग लागलं नाही तरी टॉवेल, चादर, कंगवा, बूट यांतून पसरते. कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा, नाहीतर ती फिरत राहते. मांजर, कुत्रा, वासरू यांच्याकडूनही येते.

आता सर्वांत कळकळीचं सांगणं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं लिहिलंय का, बघा. ही स्टेरॉइडं आहेत. खाज लगेच थांबते, लाली उतरते, पण बुरशी वाढतच राहते. चट्ट्याची गोल कडाही पुसट होते, मग तज्ज्ञांनाही ओळखणं अवघड जातं. असं मलम मनाने लावू नका. साधं बुरशीविरोधी मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं.

तरीही परत आलं तर त्वचा खरवडून तपासून घ्या. जाताना वापरलेल्या ट्यूब सोबत न्या, कारण बुरशीविरोधी मलम चालू असेल तर नमुन्यात बुरशी सापडेलच असं नाही.