ताळा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खानापूर-बेळगाव रोजची ये-जा सांभाळून तू रात्री सिम्पायचा, म्हणजे पायथनमध्ये बीजगणित करणाऱ्या त्या खुल्या प्रकल्पाचा, कोड वाचत बसतेस, हे वाचून फार आनंद झाला. बहुपदींच्या विभागात काहीतरी नवं घालायचं तुझ्या मनात आहे. जरूर घाल. पण कोडला हात लावण्याआधी दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिली माझ्या चुकीतून आलेली आहे, म्हणून तीच सविस्तर लिहितो.

मी असल्याच एका प्रकल्पाला पहिल्यांदा कोड पाठवला तो अवयव पाडण्याचाच. पूर्णांकी मुळं शोधायची, सापडली तर अवयव काढायचे, नाही सापडली तर ‘अवयव पडत नाहीत’ म्हणून बहुपदी जशीच्या तशी परत द्यायची. चाचण्याही लिहिल्या होत्या. शाळेत शिकवतात तसा ताळा केला होता : आलेले अवयव पुन्हा गुणायचे, मूळ बहुपदी आली की उत्तर बरोबर. झाडून सगळ्या चाचण्या पास. तपासणाऱ्यानं एका ओळीत विचारलं, क्ष⁴ + ४ चं काय?

मी कागद घेऊन बसलो. क्ष⁴ + ४ मध्ये ४क्ष² मिळवून तेच वजा केलं की (क्ष² + २)² − (२क्ष)² होतं, आणि वर्गांच्या वजाबाकीनं (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) असे अवयव सरळ पडतात. पूर्णांकी मूळ एकही नाही, तरी अवयव दोन. मूळ नाही म्हणजे अवयव नाहीत, हे परिमेय सहगुणकांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या घातापर्यंतच खरं. चौथ्या घाताला ते लागू पडत नाही, आणि मी ते वर्गात मुलांना शिकवत असूनही कोड लिहिताना विसरलो. माझ्या चाचण्यांना ते दिसणारही नव्हतं. बहुपदी न फोडता तशीच परत दिली तर गुणाकार बरोबरच येणार ना!

म्हणजे गुणाकाराचा ताळा हा अर्धा ताळा. उरलेला अर्धा, म्हणजे प्रत्येक अवयव आणखी फुटत नाही याची खात्री, वेगळी करावी लागते. चाचणी लिहिताना या दोन्ही बाजू ठेव. क्ष⁴ + ४ फुटलीच पाहिजे आणि क्ष⁴ + १ फुटता कामा नये, अशी जोडीच घे. क्ष⁴ + १ वर तीच युक्ती करून बघ. २क्ष² चं वर्गमूळ काढायची वेळ येते आणि पूर्णांकांची वाट तिथे बंद होते.

क्ष⁴ + १ मुद्दाम सांगितलं, कारण तुला आधी एखाद्या मूळ संख्येच्या (प्राइम नंबरच्या) शेषांवर, म्हणजे तिनं भागून उरणाऱ्या बाक्यांपुरते, अवयव पाडून मग ते वर पूर्णांकांपर्यंत उचलायचे आहेत. रीत उत्तम आहे, असं वर उचलण्याची युक्ती हेन्सेल या गणितज्ञाची, तिच्यावर झासेनहाउसनं ही रीत १९६९ मध्ये बसवली. पण पाचाच्या शेषांत क्ष⁴ + १ म्हणजे (क्ष² + २)(क्ष² − २), कारण −४ आणि १ तिथे एकच. गंमत अशी की कुठलीही मूळ संख्या घे, ही बहुपदी तिच्या शेषांत फुटतेच, पूर्णांकांत मात्र कधीच नाही. म्हणून शेषांतले तुकडे पुन्हा जोडून पाहण्याची पायरी टाळता येत नाही. तुकडे वाढले की जोडण्या दुपटीनं वाढत जातात. १९८२ मध्ये लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवास यांनी त्यातून बाहेर पडायची वाट दाखवली. यातलं सिम्पायमध्ये काय काय आधीच आहे ते नीट बघ. बहुपदींच्या फोल्डरमध्येच चाचण्यांचं फोल्डर आहे, मी तर तेच आधी वाचायला सांगेन. कोडपेक्षा चाचण्यांवरून जास्त कळतं की आधी कोण कुठे ठेचाळलंय.

भास्कराचार्यांचं तू लिहिलंस ते मला आवडलं. एका वर्गाच्या ६१ पटीत एक मिळवून पुन्हा पूर्ण वर्ग यावा, हा त्यांचा ६१ चा प्रश्न चाचणीला खरंच चांगला : १७६६३१९०४९ चा वर्ग हा २२६१५३९८० च्या वर्गाच्या ६१ पटीपेक्षा बरोबर एकानं मोठा. दशांशी संख्यांत (फ्लोटमध्ये) हा ताळा करू नकोस. वर्ग एकोणीस अंकी आहे, तो एक त्यात बुडून जातो. पायथनच्या पूर्णांकांत अचूक येतो. आणि इथेही तेच, ही जोडी समीकरणात बसते एवढंच ताळा सांगतो, ती सर्वांत लहान आहे हे सांगत नाही.

इंग्रजीची काळजी करतेस. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, हे आपल्या भागात घरोघरी आहे. समोरच्याला कळेल असं बेतून बोलायची सवय तुला लहानपणापासून आहे. छोटी वाक्यं लिही : हे दिलं, हे आलं, हे यायला हवं होतं. सोबत चालवून बघता येईल असं एक उदाहरण. ‘रिस्पेक्टेड सर’ वगैरे काही नको. कुणी चूक दाखवली तर दुरुस्त करून त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ या विनंतीत, पुन्हा पाठव, लाजून बंद करू नकोस. मी तेव्हा बंद केली होती आणि पुढचं वर्षभर तिकडे फिरकलो नाही. ते वर्ष वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

पावसात तुमच्याकडे नेट जातं, तरी काम अडायचं कारण नाही. कोड एकदा उतरवून घेतला की गिटमधल्या बदलांच्या नोंदी आणि चाचण्या नेटशिवाय चालतात. पाठवायचं तेवढं बेळगावात आल्यावर कर.

रविवारी टिळकवाडीत घरी ये. तोवर क्ष⁴ + १ चे तिनाच्या आणि साताच्या शेषांत अवयव हातानं पाडून ठेव, संगणक न लावता. वही घेऊन ये, मला खाडाखोडही बघायची आहे.

तुझे,
सर