रेघ थरथरते म्हणून नवा टॅब्लेट घेऊ नकोस, आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ

तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू लिहिलंयस की मैत्रिणीचा जुना छोटा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनने चित्रं काढायची पाटी) वापरतेस, लॅपटॉप साधाच आहे, तिरकी रेघ हळू ओढली की लाटा येतात, हात वाईट आहे की टॅब्लेट कळत नाही, आणि म्हणून आता १५ हजारांत स्क्रीनवाला घ्यावा का. खाली चार जणांनी चार मॉडेलं सुचवली आहेत, पण रेघेबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून लिहायला बसले. वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

ड्रायव्हर (टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर) कुठून घ्यायचा, पेन कसा धरायचा ते सगळं सोडून देते, ते तुला येतच असणार. मी इंजिनियर नाही, वायरमन पण नाही, चित्रं काढते. जे माझ्या बाबतीत झालं तेवढंच सांगतेय, तुझ्याकडे कारण वेगळं असू शकतं.

२०१८ साली मी नाशिकला पंचवटीत एका जुन्या वाड्यात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. मीडियम साइजचा बिनस्क्रीनचा टॅब्लेट घेतला आणि पहिले तीन महिने कसलाच त्रास नव्हता, कारण तेव्हा येवल्याच्या पैठणीच्या डिझाइनचं काम चालू होतं, बांगडी मोर, मुनिया, असावलीच्या वेली. ते सगळं ग्राफवर, एकेक चौकोन भरायचा. चौकोन भरताना रेघ थरथरली तरी दिसतच नाही. (ज्यांना फक्त असं ग्राफचं काम करायचंय त्यांनी टॅब्लेटवर खर्चच करू नये, माउसने उत्तम होतं.) मग पावसाळ्यात एका दिवाळी अंकाची चित्रं आली, नुसती काळी रेघ, आत रंग नाही. आणि पहिल्याच चेहऱ्यात गालाची रेघ करवतीसारखी.

मला वाटलं हात. रोज सकाळी दोन तास नुसत्या रेघा काढल्या. मग क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधला स्टॅबिलायझर (रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय) वाढवत वाढवत एवढा वाढवला की पेन पुढे आणि रेघ मागून रांगत यायची, डोळ्याची पापणी काढली तर तिचा कमानीसारखा आकारच राहायचा नाही. तारीख चुकली, ते काम दुसऱ्याकडे गेलं.

मग वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परत, असं तीनदा केलं. पहिल्या वेळी बिलाची झेरॉक्स चालत नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी काउंटरवर मी रेघेचा प्रिंट काढून नेला होता, तो त्यांनी बघितलासुद्धा नाही आणि फॉर्मवर तक्रार म्हणून लिहिलं 'पेन चालत नाही'. मी म्हटलं पेन चालतोय हो, रेघ हलतेय, तर म्हणे फॉर्ममध्ये तेवढीच जागा आहे. सात आठवडे ठेवून घेतला आणि 'दोष आढळला नाही' असा कागद लावून परत दिला. आज मला कळतं की तो कागद खरा होता, त्यांच्याकडे दोष दिसलाच नसणार. पण सात आठवड्यांत एकाही माणसाने एवढं विचारलं नाही की बाई, चार्जर काढून बघितलंत का. एक वाक्य होतं फक्त. ते विचारलं असतं तर माझे पुढचे बावीस हजार वाचले असते.

कारण पुढे मी तो टॅब्लेट मिळेल त्या किमतीला एका मुलाला विकला आणि आईच्या भिशीचे पैसे घेऊन स्क्रीनवाला आणला, १३ इंची. पहिल्या दिवशी तिरकी रेघ ओढली. तीच लाट, उलट स्क्रीनवर पेनखालीच दिसते म्हणून जास्त ठळक. आणि ज्या मुलाला जुना विकला होता त्याने आठवड्याने सिडकोतल्या घरून मेसेज केला की ताई टॅब्लेट एकदम मस्त चालतोय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उलगडा झाला तो गिझर बसवायला आलेल्या वायरमन काकांमुळे. त्यांनी टेबल सरकवताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला आणि म्हणाले, ताई याला हात लावला की मुंग्या येतात का? येतात म्हटलं, कायमच येतात, मला वाटायचं सगळ्याच लॅपटॉपला येत असतील. त्यांनी बोर्ड उघडून दाखवला, थ्री पिनच्या सॉकेटला वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती. अर्थिंग नाहीच. चार्जर काढून बॅटरीवर रेघ ओढली आणि सरळ आली. एक वर्ष मी हाताला दोष देत होते.

मला समजलं ते असं: आपले बिनबॅटरीच्या पेनचे टॅब्लेट असतात त्यात पाटीखालच्या तारांचं जाळं सिग्नल सोडतं, पेनातली कॉइल तो परत पाठवते, त्यावरून पेन कुठे आहे हे पाटीला कळतं. सिग्नल फार नाजूक. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडीशी गळती लॅपटॉपच्या बॉडीवर येत असते, अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर यूएसबीच्या वायरीतून टॅब्लेटपर्यंत कुरकुर करत राहते. आणि पाटीला पेन जागच्या जागी हलल्यासारखा वाटतो.

तर तू आज हे कर. चार्जर भिंतीतून काढ आणि लॅपटॉपमधूनही काढ. स्टॅबिलायझर शून्य. पट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी हळू ओढ, भराभर ओढलीस तर दोष लपतो. मग चार्जर लावून तशीच दुसरी. दोन्हीत फरक दिसला तर तुझा हात आणि टॅब्लेट दोघंही निर्दोष आहेत. फरक नसेल तर मोबाइल टॅब्लेटपासून लांब ठेव, यूएसबी हब वापरत असशील तर काढून थेट लॅपटॉपला लाव, दुसरं पोर्ट बघ. तरीही लाट राहिली तर मग पाटीतच दोष धर. एकदम हळू तिरक्या रेघेत किंचितशी लहर चांगल्या टॅब्लेटलाही येते, ती सोडून दे, मी करवतीबद्दल बोलतेय.

अर्थिंग नसेल तर स्वतः बोर्ड उघडू नकोस, आणि कुणी नळाच्या पाइपला वायर बांध म्हणालं तर अजिबात ऐकू नकोस, त्याने जीव जाऊ शकतो. वायरमन बोलाव, घरमालक कुरकुर करेल, करू दे. थ्री पिनचा चार्जर टू पिन कन्व्हर्टरने लावत असशील तर तोही आजच काढ. आणि चार्जर मुळातच टू पिनचा असेल तर अर्थिंगने विशेष फरक पडणार नाही, मग बॅटरीवर काढायचं, संपली की चार्ज करताना चहा.

आता घ्यायचंच असेल तर. माझं ठाम मत, स्क्रीनवाला पहिला घेऊ नये. लोक म्हणतात बिनस्क्रीनच्या पाटीवर हात एकीकडे नजर दुसरीकडे, जमत नाही. दोन-तीन आठवड्यांत जमतं, आणि मान वर राहते. मी १३ इंचीवर वाकून मानेचं दुखणं घेतलं, अजून आहे. शिवाय स्क्रीनवाल्याला एचडीएमआय आणि यूएसबी दोन्ही लागतात, एका सी टाइप वायरीवर चालेल असं खोक्यावर लिहिलं तरी तुझ्या लॅपटॉपचं सी पोर्ट डिस्प्ले देणारं पाहिजे, साध्या लॅपटॉपला बऱ्याचदा ते फक्त डेटाचं असतं.

साइज मात्र लहान घेऊ नकोस. ६ बाय ४ इंचाची पाटी मनगटातून चालते, १० बाय ६ च्या आसपासची कोपरातून, लांब रेघेला कोपर लागतंच. ह्युऑन, एक्सपी-पेन या दोन्ही कंपन्यांत या साइजचे आहेत आणि तुझ्या १५ हजारांतले निम्मेही लागणार नाहीत. वॅकॉमचा मीडियम महाग पडतो, मिळाला तर छानच, पण त्यासाठी कर्ज नको. २०४८ की ८१९२ प्रेशर लेव्हल (पेनचा दाब किती पायऱ्यांत मोजला जातो) यावर वाद घालणाऱ्यांनी मला डोळे झाकून फरक ओळखून दाखवावा. त्यापेक्षा पेनच्या नुसत्या वजनाने रेघ उमटते का ते बघ, हलक्या हाताची केसासारखी रेघ तिथेच मिळते किंवा मिळत नाही.

एक राहिलं, नवा लावायच्या आधी मैत्रिणीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर पूर्ण काढून टाक, दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. आणि सेटिंगमध्ये पाटीचं प्रमाण स्क्रीनशी जुळवून घे, नाहीतर गोल काढशील तो अंडाकृती येईल. पाटी बहुतेक १६ बाय १० ची आणि लॅपटॉप बऱ्याचदा १६ बाय ९ चा असतो म्हणून होतं ते.

बिल घेताना सिरियल नंबर बिलावर लिहून घे. एमजी रोडवर घे की ऑनलाइन घे, दुकानात लॅपटॉप घेऊन जाऊ देत असतील तर नक्की ने, आणि तिथे चार्जर न लावता हळू तिरकी रेघ ओढून बघ.

आज रात्री दोन्ही रेघांचा फोटो इथेच टाक, आणि चार्जरची पिन दोनची की तीनची तेही लिही. तोपर्यंत कुठेही ऑर्डर देऊ नकोस.