एलएस ४ की एएसडब्ल्यू २०? हिवाळ्यातल्या या ग्लायडर-वादात कुणाचं ऐकायचं?

प्रश्न: जर्मनीत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकतोय. क्लबच्या दोनआसनी एएसके २१ वर सोलो (पहिलं एकट्याचं उड्डाण) झालं आणि लगेच सीझन संपला. आता मार्चपर्यंत उड्डाणं बंद. दर शनिवारी वर्कशॉपमध्ये ग्लायडर घासता-पुसताना सगळे सीनियर एकाच विषयावर भांडतात: एलएस ४ भारी, एएसडब्ल्यू २० भारी, की जुन्या का ८ लाच तोड नाही. यातलं खरं काय? आम्ही तिघं मिळून जुनं एकआसनी घ्यायच्या विचारात आहोत. नक्की काय बघायचं?

उत्तर:

हा वाद जवळपास नेहमी ग्लाइड रेशोवरून (उंचीच्या किती पट अंतर तरंगत जाता येतं त्यावरून) पेटतो, आणि पहिलं ग्लायडर निवडताना नेमका तोच आकडा सगळ्यात कमी कामाचा आहे. एएसडब्ल्यू २० चा साधारण ४२, एलएस ४ चा ४०, स्टँडर्ड सिरसचा ३७-३८ आणि का ८ चा २७. म्हणजे शांत हवेत हजार मीटर उंचीवरून एएसडब्ल्यू २० हे एलएस ४ पेक्षा दोन किलोमीटर पुढे जाईल. एवढ्याशा दोन किलोमीटरवर अख्खा शनिवार जातो.

आता थोडं गणित करा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. या वेगाला ४० चा रेशो म्हणजे ग्लायडर सेकंदाला ०.६९ मीटर खाली येतं, ४२ चा असेल तर ०.६६. दोन थर्मलच्या (वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतांच्या) मधली हवा स्वतःच सेकंदाला १ मीटरने खाली जात असते, हे तर रोजचं. ते धरलं की एकाचा रेशो उरतो १६.४ आणि दुसऱ्याचा १६.७. हजार मीटरमागे फरक फक्त तीनशे मीटरचा. खाली जाणारी हवा टाळून ढगांच्या रांगेखालून जाणारा पायलट यापेक्षा कितीतरी जास्त कमावतो. का ८ चं मात्र वेगळं आहे. ते ताशी ७० च्या आसपास उत्तम सरकतं, त्यामुळे समोरून ३० चा वारा आला की त्याचा जवळजवळ निम्मा वेग गेला. २७ चा रेशो जमिनीच्या हिशेबाने १५ वर येतो. एलएस ४ त्याच वाऱ्यात अजून २८ ला असतं. हा फरक मात्र खरा.

मग सीनियर मंडळी नुसतीच वेळ घालवतात का? तसंही नाही. ग्लाइड रेशो बाजूला ठेवून त्यांना स्वभावावर बोलतं करा, खरी माहिती तिथे मिळते.

एएसडब्ल्यू २० (गेरहार्ड वायबेल यांचं डिझाइन, १९७७) फ्लॅपवालं (पंखाच्या मागच्या कडेला खाली-वर करता येणारी पट्टी असलेलं) आहे आणि त्याच्या प्रेमात पडलेल्यांचं म्हणणं रास्त आहे. थर्मलमध्ये फ्लॅप पॉझिटिव्ह (खाली), दोन थर्मलच्या मध्ये वेगात जाताना निगेटिव्ह (किंचित वर). ताशी १५० ला निगेटिव्ह फ्लॅपवर ते ज्या ऐटीत सरकतं, तिथे बिनफ्लॅपच्या ग्लायडरचा सिंक (खाली येण्याचा वेग) वाढू लागलेला असतो. शिवाय त्याच्या लँडिंग फ्लॅपचा कोन इतका मोठा आहे की एअरब्रेकसकट (पंखातून बाहेर निघणाऱ्या, उंची झटपट घटवणाऱ्या पट्ट्यांसकट) ते अगदी उभट उतरतं. लहान शेतात उतरायची वेळ आली तर हे वरदानच. पण त्याच लिव्हरने नवखा गोत्यात येतो. सुरुवातीला धाव घेताना फ्लॅप निगेटिव्ह ठेवायचा, म्हणजे कमी वेगातही एलेरॉन (ग्लायडर डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या पट्ट्या) काम करतात. एलेरॉन पकड घेऊ लागले की उड्डाणाच्या खुणेवर आणायचा. उतरताना लँडिंग फ्लॅप उंचावरच लावायचा, नाक खाली दाबून वेग धरायचा, आणि 'शेतापर्यंत पोचत नाही' असं वाटलं तरी जमिनीजवळ तो काढायचा नाही. काढला की लिफ्ट झटक्यात कमी होते आणि ग्लायडर खाली बसतं. कमी पोचतोय असं वाटलं तर आधी एअरब्रेक बंद करायचे. एएसके २१ वर फ्लॅपच नाहीत, त्यामुळे हा निर्णय घेण्याची तुमच्या हाताला अजून सवय नाही.

एलएस ४ (वोल्फ लेम्के, १९८०) ची कीर्ती याच्या अगदी उलट आहे. त्याच्यात काहीच विचित्र नाही. हजाराहून अधिक बनली, त्यामुळे सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि ते उडवलेली माणसं, तिन्ही सहज मिळतात. स्टॉल (वेग घटून पंखाची उचल तुटणं) जवळ आला की ते आधी सांगतं, एअरब्रेक दमदार आहेत, कॉकपिट ऐसपैस. सीनियर त्याला 'कंटाळवाणं' म्हणतात. माझ्या मते तिघांनी मिळून घ्यायच्या पहिल्या ग्लायडरची याहून मोठी तारीफ नाही.

का ८ वाल्यांचा मुद्दाही गणितात बसतो. पंख ४० अंश कलवून (बँक करून) ताशी ७० ने घिरटी घातली तर वर्तुळाची त्रिज्या ४६ मीटर येते, ताशी ९० ला ७६ मीटर. सकाळचं अरुंद, फाटकं थर्मल असेल तर का ८ त्याच्या गाभ्यात फिरतं, जास्त वेगाने फिरणारं फायबरग्लासचं ग्लायडर कडेकडेने सिंक खात राहतं. म्हणून एप्रिलच्या सकाळी का ८ वर जातं आणि दुपारी क्षितिजाकडे जायची वेळ आली की मागे राहतं. त्याचे पंख लाकूड-कापडाचे असल्यामुळे त्याला कोरडा हँगर हवा. ओल शिरली तर डिंकाचे सांधे सुटतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

स्टँडर्ड सिरस (१९६९) स्वस्तात मिळतं म्हणून तुमच्या यादीत येईलच. त्याचा शेपटीचा आडवा पंख पूर्णच्या पूर्ण हलतो, त्यामुळे स्टिक फार हलकी आणि तिखट लागते. विंचवर (जमिनीवरून केबलने ओढणाऱ्या यंत्रावर) किंवा विमानामागे धाव घेताना नवखा नाक वर-खाली करत बसतो, आणि प्रत्येक दुरुस्ती अर्धा क्षण उशिरा झाल्यामुळे झोके वाढतच जातात. मनगट मांडीवर टेकवून फक्त बोटांनी स्टिक धरणं हा त्यावरचा उपाय. वाईट ग्लायडर नव्हे, पण इन्स्ट्रक्टरने समोर बसून समजावल्याशिवाय त्याला हात लावू नका. ग्रोबचं आस्टिर प्रशस्त आणि शांत, पण पंख उचलताना पाठ आठवते. पीआयके २० बद्दल एकच सांगतो: त्याचा पंख पावसाच्या थेंबांनी आणि किड्यांनी फार लवकर बिघडतो. ओल्या पंखावर कुठलंही ग्लायडर असो, अॅप्रोचचा (उतरायला येतानाचा) वेग ताशी दहाएक किलोमीटरने वाढवायचाच.

दोनआसनीचा वाद तुमच्या प्रश्नात नाही, पण वर्कशॉपमध्ये कानावर पडेलच. एएसके १३ नीट स्पिनमध्ये (स्टॉल होऊन गरगरत खाली येणं) जातं आणि शिकवतं; एएसके २१ शेपटीला जादा वजनं लावल्याशिवाय सहसा जातच नाही. त्यामुळे तुम्ही एएसके २१ वरच शिकला असाल, तर एकआसनीवर जाण्याआधी एएसके १३ किंवा पुखाचवर इन्स्ट्रक्टरबरोबर खऱ्या स्पिनची दोन-तीन उड्डाणं मागून घ्या. आपल्याकडेही असे वाद व्हायला हरकत नव्हती. भारताच्या नागरी विमान खात्याने आणि एचएएलने केलेल्या ग्लायडरना नक्षत्रांची नावं होती: अश्विनी, भरणी, रोहिणी, आर्द्रा. त्यातल्या रोहिणीत विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर शेजारी-शेजारी बसायचे. इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचे हात दिसतात, पण पोट रुंद झाल्यामुळे ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो. (आणि पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात हा वाद हिवाळ्यात नव्हे, पावसाळ्यात रंगला असता.)

आता खरेदीचं. एकाच मॉडेलची दोन ग्लायडरं समोर ठेवली, तर त्यांच्यातला फरक दोन मॉडेलमधल्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. म्हणून आधी मॉडेल ठरवून मग ग्लायडर शोधू नका. दोन-तीन मॉडेल चालतील असं ठरवा आणि त्यातलं सगळ्यात निरोगी घ्या.

सगळ्यात आधी जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा पांढरा संरक्षक थर. पंखाचा वरचा भाग तिरप्या उजेडात, नख फिरवत बघा. पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे जाणाऱ्या केसासारख्या भेगा दिसल्या तर जेलकोट म्हातारा झालाय. उन्हाने तो ठिसूळ होतो, उंचावरच्या थंडीत आकसतो आणि तडकतो. भेगा फक्त वरच्या थरात असतील तर वर्षानुवर्षं चालतं, पण पाणी आत जाऊ लागलं की आज ना उद्या सगळं घासून नवा थर द्यावा लागतो. ते शेकडो तासांचं काम आहे. बाहेर करून घेतलं तर जुन्या ग्लायडरच्या किमतीला टेकेल इतका खर्च येतो. दर हिवाळ्यात कडक मेण लावून बफिंग व्हीलने घासलेलं ग्लायडर लगेच ओळखू येतं. मेण सिलिकॉनवालं नव्हतं ना, तेही विचारा. सिलिकॉन राहिलं तर पुढे दुरुस्तीचा थर नीट चिकटत नाही.

दुसरं, जोडणी. जुन्या एलएस ४ आणि एएसडब्ल्यू २० मध्ये पंख बसवल्यावर एलेरॉन आणि एअरब्रेकचे रॉड लोटेलिए कपलिंगने हाताने जोडावे लागतात. गोळी वाटीत बसते, पाचर पुढे सरकते आणि तिच्यावरचं छिद्र दिसलं की त्यात सेफ्टी पिन. पाचर अर्धवट बसली तर जमिनीवर सगळं हलतं आणि हवेत सुटतं. म्हणून जोडल्यावर प्रत्येक रॉड जोरात ओढून बघायचा, आणि मग एकाने एलेरॉन हाताने घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने कॉकपिटमधून स्टिक दाबायची. हीच चाचणी एअरब्रेक, एलिव्हेटर आणि फ्लॅपची. नुसतं 'हलतंय की' म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. एलएस ४-बी मध्ये या जोडण्या आपोआप होतात. तुमच्या बजेटमध्ये तो बसला तर त्यासाठी जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही.

तिसरं म्हणजे सुटं केलेलं ग्लायडर नेण्याचा ट्रेलर, ज्याकडे नवखे ढुंकूनही बघत नाहीत. झाकण उघडणारा चांगला कोब्रा ट्रेलर असेल तर तिघंजण पाव तासात ग्लायडर उभं करतात. वाईट ट्रेलरला तास लागतो, एकेक पंख साठ-सत्तर किलोचा, आणि जुलैपासून तुमच्यापैकी एकजण 'आज अभ्यास आहे' म्हणायला लागतो. टायरवरची तारीख वाचा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षं उभे राहिलेले टायर हायवेवर फाटतात. आत हात घालून ओल बघा. हवा खेळती नसेल तर हिवाळाभर आतल्या आत पाणी साचून तेच जेलकोट आणि बेअरिंग खातं. आणि विकणाऱ्यासमोर एकदा स्वतः पूर्ण जोडा, पूर्ण उतरवा. पंख मुख्य पिनला हातोडी मागत असतील तर कुठेतरी काहीतरी वाकलंय.

कागदपत्रांत तीन गोष्टी. एकूण तास किती? जर्मन फायबर ग्लायडरना ३००० तासांना मोठी तपासणी लागते, मग पुढच्या टप्प्यांना पुन्हा. २९०० तासांचं ग्लायडर स्वस्त का, ते तिथे कळतं. मोठ्या दुरुस्तीची नोंद आहे का आणि त्यानंतर वजन-तोल पुन्हा मोजलाय का? आणि ओढायची केबल अडकवायच्या टोस्ट कंपनीच्या हुकला शेवटच्या ओव्हरहॉलपासून किती लाँच झाले? त्याची मर्यादा २००० लाँच. हुक कुठे आहे तेही बघा. तुमचा क्लब विंचवर चालत असेल तर पोटाखालचा, गुरुत्वमध्याजवळचा हुक हवाच. फक्त नाकात हुक असलेलं ग्लायडर विंचसाठी कुचकामी.

पंखातल्या पाण्याच्या टाक्यांना भुलून जादा पैसे देऊ नका. पाणी भरून पंखावरचं वजन चौरस मीटरला ३२ वरून ४५ किलो केलं, तर तोच रेशो १०० ऐवजी ताशी ११९ ला मिळतो. पण हे थर्मल सेकंदाला दोन मीटरहून ताकदवान असेल तेव्हा. पहिल्या दोन सीझनमध्ये टाक्या कोरड्या असलेल्याच बऱ्या.

आणि बोलणी करण्याआधी कॉकपिटमधली वजनाची पाटी वाचा. आपल्याकडच्या सडपातळ मुलामुलींना हे जास्त लागू. बऱ्याच एकआसनींत पायलटचं किमान वजन ७० किलोच्या आसपास असतं, पॅराशूट धरून. तुम्ही ५६ चे, पॅराशूट ७ चं, म्हणजे ७ किलो कमी. हलक्या पायलटमुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो, स्टिक आणखी तिखट होते आणि स्पिनमधून बाहेर येणं अवघड होतं. शिसं ठरलेल्या जागीच, बोल्टने आवळूनच लावायचं. पेडलजवळच्या पट्टीचा परिणाम सीटखालच्या पट्टीपेक्षा मोठा असतो, म्हणून कितीला किती पट्ट्या हे मॅन्युअलमध्येच बघा. उंची कमी म्हणून पाठीमागे घरची मऊ उशी घ्यायची नाही. विंचच्या झटक्यात ती दबते, तुम्ही मागे सरकता आणि स्टिक हाताबरोबर मागे येते, तेही नेमकं नाक वर चढत असताना. त्याऐवजी न दबणारा कडक फोम कापून घ्या. आपापल्या पॅराशूटसकट तिघंही त्या कॉकपिटमध्ये एकेक करून बसा. पेडल, एअरब्रेकचं हँडल आणि केबल सोडायची पिवळी मूठ पट्टे पूर्ण आवळल्यावरही तिघांच्या हाता-पायाला पोचत नसेल, तर ग्लाइड रेशो कितीही असो, पुढचं ग्लायडर बघायला जा.