नॅनोक्ले टाकूनही पाण्यावर आधारित कोटिंगला फोड का येतात?

रबाळे एमआयडीसीत ग्रिलसाठी बनवलेल्या अ‍ॅक्रिलिक कोटिंगमध्ये ५ टक्के नॅनोक्ले (अतिसूक्ष्म पापुद्र्यांची माती) टाकली, तर दाणे आले, चमक गेली आणि पावसाळ्यात फोडही आले, असं तुम्ही लिहिलं आहे. माझ्या मते क्लेचं प्रमाण जास्त झालं आणि तिचे पापुद्रे नीट सुटे झाले नाहीत.

माँटमोरिलोनाइटचा, म्हणजे या क्लेतल्या खनिजाचा, एक पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा असतो. पापुद्रे सुटे होऊन फिल्ममध्ये आडवे पसरले, तरच बाष्पाला वळसे घेत आत जावं लागतं. कोरडी पावडर थेट इमल्शनमध्ये (पाण्यात विखुरलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये) टाकली की गठ्ठे तसेच राहतात. क्ले मुळात पाणी ओढणारी, त्यामुळे प्रत्येक गठ्ठा ओल आत नेतो.

सोडियमवाली, पाण्यात फुगणारी क्लेच घ्या. सॉल्व्हंटसाठीची ऑर्गॅनोक्ले इथे चालणार नाही. पाणी डीएम, म्हणजे क्षार काढलेलं हवं. टँकरच्या कठीण पाण्यातलं कॅल्शियम पापुद्रे सुटूच देत नाही. १ किलो इमल्शनमध्ये ५० टक्के सॉलिड (वाळल्यावर उरणारा भाग) असेल, तर सॉलिडच्या १ टक्का म्हणजे ५ ग्रॅम क्ले. ती सुमारे १६० मिली पाण्यात, हायस्पीड स्टररखाली चिमूटचिमूट सोडा आणि रात्रभर फुगू द्या. मग पीएच इमल्शनइतका आणून, मंद ढवळत स्लरी इमल्शनमध्ये ओता. एवढं पाणी फॉर्म्युल्यातल्या पाण्यातून वजा करायला विसरू नका, नाहीतर सॉलिड घसरतं. डबा ठेवल्यावर माल घट्ट होईल, ढवळला की सैल होईल. हा क्लेचा स्वभावच आहे. पाणी वाढवण्याऐवजी फॉर्म्युल्यात आधीपासून असलेला थिकनर (घट्टपणा आणणारा घटक) कमी करा.

१ टक्क्याने सुरुवात करून २ पर्यंत जा. ५ ला चमक जाणं आणि फिल्म ठिसूळ होणं अपेक्षितच आहे.

फोडांना आणखी एक कारण असू शकतं, आणि ते क्लेइतकंच महत्त्वाचं. खाडीच्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं. ते फिल्मखाली राहिलं की पाणी आत ओढून घेतं. ग्रिल गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच रंगवा. पावसाळ्यात जाड थर देऊ नका, वरचा भाग मिटतो आणि खालचं पाणी अडकतं. दोन पातळ हात द्या. क्ले म्हणजे गंजरोधक नव्हे, म्हणून गंज रोखणारं झिंक फॉस्फेट फॉर्म्युल्यातून काढू नका.

खात्रीसाठी पिगमेंट न घालता काचेवर क्लेसह आणि क्लेविना अशा दोन फिल्म काढा, ७ दिवस वाळवा, २४ तास पाण्यात ठेवा. क्लेवाली जास्त पांढरी पडली, तर स्लरीत अजून गठ्ठे आहेत किंवा प्रमाण अजून जास्त आहे.