तारीख तूच ठरव

प्रिय बाळ,

यंदा पोळ्यालाही तू गावी आला नाहीस, असं तुझे बाबा म्हणत होते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाचं कारण आहेच, पण "लागलं का कुठं?" हा प्रश्न तुला नको असावा.

मग आकडेच पाहू. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका खुर्चीमागं दोनशेहून जास्त पोट्टे. त्यात वेगवेगळ्या सत्रांच्या गुणांचं सामान्यीकरण झालं, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका मापात आणले, नि 200 पैकी 214 गुणांचा उमेदवारही यादीत दिसला! 2024 मध्ये पोलिसांच्या 17,471 जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. लागले त्यांनी मेहनत केलीच. बाकीच्या लाखोंनी केली नाही, असं म्हणायला मी तयार नाही. मी तलाठी म्हणून रिटायर झालो, पण आमच्या काळी एवढी गर्दी नव्हती. माझं उदाहरण घेऊ नको.

चौकातल्या फ्लेक्सवर लागलेल्यांचेच फोटो असतात. अभ्यासिका सोडून कृषी केंद्र टाकणाऱ्याचा कोणी लावत नाही. (त्याची उधारी वसूल होत नाही, ती गोष्ट वेगळी.)

राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांची 43. 38 पर्यंत परीक्षा देता येते, म्हणून 38 पर्यंत द्यावीच असं थोडंच आहे? किती परीक्षा, कोणत्या महिन्यापर्यंत, पुढं काय, हे कागदावर लिही. मागच्या काही पेपरांत गुण वाढले की तिथंच अडकले, तेही खरं खरं लिही. अडकले असतील तर नवा क्लास लावून फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

आणि तो कागद निकालाआधी बाबांना दाखव. कापसाचा चुकारा आला की ते आधी तुझं खोलीभाडं बाजूला काढतात. हे कधीपर्यंत, ते त्यांना कळायला नको का?

वावर आहे म्हणून शेतीच कर, असं मी सांगणार नाही. चार एकर कोरडवाहू पऱ्हाटीवर दोन संसार चालत नाहीत, हे सातबारे लिहून लिहून मला पाठ झालंय. पदवी आहे, गाडी चालवता येते, हिशेब पक्का आहे. तालुक्याला जिनिंगवर, पतसंस्थेत विचारून ठेव. परीक्षा चालू असतानाच विचार. नापास झाल्यावर विचारायला तुला जड जाईल.

कागद मलाही पाठव, पण पहिली प्रत बाबांना. आणि भाडं थकलं असेल तर तेही लिही, लपवू नको.

तुझा,
काका