मुलगी फोन उचलत नाही, एवढेच कळले आहे

समुपदेशक म्हणून पालकांच्या तोंडून मी वारंवार ऐकते ती काळजी अशी: "मूल पूर्वीसारखं बोलत नाही, याचा अर्थ काय समजायचा?" पन्नाशीला आलेले, सहकारी बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ हीच काळजी घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापुरता अर्थ आधीच ठरलेला होता. "मॅडम, मुलगी हातातून गेली," हे त्यांचे पहिले वाक्य. (त्यांच्या परवानगीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. रोज रात्री नऊ वाजता वडिलांचा फोन जायचा. तीन आठवड्यांपासून ती तो उचलत नव्हती, किंवा "बाबा, नंतर बोलते" एवढे म्हणून ठेवून देत होती; मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री एक वाजेपर्यंत ती दिसायची, आणि वडील साताऱ्यात अंथरुणावर पडल्या पडल्या तिचे 'लास्ट सीन' पाहत राहायचे. तिला आता आईवडील नकोसे झाले आहेत, ती वाईट संगतीला लागली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला गुपचूप विचारून झाले होते आणि पुढच्या शनिवारी न कळवता वसतिगृहावर जाऊन थडकण्याचा बेत होता.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. त्यांचा चेहरा पाहून मी म्हणाले, "या वयात मुलं अशीच वागतात, काळजी करू नका." ते गेल्यावर माझ्या लक्षात आले की मुलीला मी कधी पाहिलेलेही नाही. ती बिघडली आहे हे जसे त्यांना ठाऊक नव्हते, तसे ती ठीक आहे हे मलाही ठाऊक नव्हते. धीर देणारा अंदाज झाला तरी तो अंदाजच असतो, आणि मी तो सत्य म्हणून त्यांच्या हातात ठेवला होता. दुसऱ्या भेटीची सुरुवात मी माझे ते वाक्य मागे घेऊन केली.

मी ज्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून पाहण्याच्या पद्धतीने, काम करते, तिची सुरुवात अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास अमेरिकेत केली आणि महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस स्वतः सांगत की तिचे मूळ ग्रीक-रोमन स्टोइक विचारात आहे. आपल्याकडे 'स्टोइक' म्हणजे दुःख मुकाट्याने गिळणारा माणूस, असा समज पसरला आहे. मला तो अन्यायकारक वाटतो, कारण आपल्याला एखादी गोष्ट कळली आहे असे केव्हा म्हणता येते, हा प्रश्न या तत्त्वज्ञांनी अत्यंत कसोशीने हाताळला होता.

सायप्रसमधल्या किटियमचा झेनो इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास अथेन्समधल्या एका चित्रांनी सजवलेल्या ओवरीत शिकवत असे. त्या ओवरीच्या 'स्टोआ' या नावावरूनच पंथाला नाव मिळाले. ज्ञान कसे होते हे तो हाताने दाखवत असे, असे सिसेरो या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. मी त्या गृहस्थांना तेच करून दाखवले. उघडा तळवा म्हणजे मनावर उमटलेला ठसा. बोटे किंचित वळली की त्या ठशाला आपण दिलेला रुकार. मूठ मिटली की पकड, म्हणजे आकलन. आणि ती मूठ दुसऱ्या हाताने घट्ट आवळली की ज्ञान. ते मात्र खऱ्या ज्ञानी माणसालाच साधते, असे झेनो म्हणे. ठसा उमटणे आपल्या हाती नसते, रुकार देणे असते. गृहस्थ काही वेळ स्वतःच्या तळव्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मी तर एकदम मूठच वळली."

त्यांच्या वहीच्या एका पानावर आम्ही मधोमध रेघ मारली. डावीकडे 'कळलेले', उजवीकडे 'मी जोडलेले'. ही युक्ती माझी नाही. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांत असा विचार आहे की पहिल्या ठशाने जेवढे सांगितले त्यापलीकडे आपण स्वतःला काही सांगू नये: मूल आजारी आहे हे मला दिसते, त्याच्या जिवाला धोका आहे हे काही मला दिसत नाही. ज्याची अनेक मुले लहानपणीच दगावली, त्या बापाचे हे शब्द आहेत, म्हणून मला ते कोरडे वाटत नाहीत. वहीत डावीकडे तीनच ओळी आल्या: नऊचा फोन उचलत नाही, 'नंतर बोलते' म्हणते, रात्री एकपर्यंत ऑनलाइन असते. उजवी बाजू भरून पान उलटावे लागले.

मग त्यांनी दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही रास्त होते. पहिला असा: "फोन वाजून वाजून बंद झाला की छातीत धस्स होतं. तेव्हा मी काय रुकार देतो?" मी त्यांना ऑलस गेलियस या रोमन लेखकाने सांगितलेला प्रसंग सांगितला. एक नामवंत स्टोइक तत्त्वज्ञ समुद्रात वादळात सापडला आणि इतरांसारखाच पांढराफटक पडला. नंतर विचारल्यावर त्याने एपिक्टेटस या स्टोइक गुरूचा आधार देऊन उत्तर दिले: अचानक आलेल्या धक्क्याने ज्ञानी माणसाचाही रंग उडतो, तो रोखणे कोणाच्याच हाती नाही, फरक एवढाच की 'हे भयंकर आहे' या म्हणण्याला तो मान्यता देत नाही. धस्स होणे हा दोष नव्हे. त्यानंतर 'म्हणजे ती वाया गेली' असे म्हणणे ही आपली कृती आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड होता. "मग पक्की खात्री होईपर्यंत बापाने हातावर हात धरून बसायचं का?" झेनोच्या परंपरेतल्या स्फेरस नावाच्या तत्त्वज्ञाची गोष्ट इथे मला नेहमी उपयोगी पडते. इजिप्तच्या टॉलेमी राजाने त्याच्यापुढे मेणाची डाळिंबे ठेवली. तो फसला, आणि राजाने लगेच सांगून टाकले की तू खोट्या ठशाला रुकार दिलास. स्फेरस म्हणाला, 'ही डाळिंबे आहेत' याला मी रुकार दिलाच नव्हता. 'ही डाळिंबे असावीत असे मानणे वाजवी आहे' याला दिला होता. हे शब्दांचे खेळ वाटतील, पण बापाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. 'काहीतरी बिनसले असावे' एवढे मानणे वाजवी होते, आणि तेवढ्यावर मुलीला सरळ विचारता येत होते. 'ती बिघडली आहे' असे धरले की विचारायला काही उरत नाही, फक्त पकडायला जायचे उरते.

उतावीळपणे रुकार देणे ही स्टोइकांच्या लेखी केवळ बुद्धीची चूक नव्हती. रुकार कधी द्यावा आणि कधी रोखून धरावा हे कळणे याला ते सद्गुणच मानत. मन शांत राहावे म्हणून विचार तपासा, असे आम्ही समुपदेशक सांगतो, आणि ते खरेही आहे; पण या गृहस्थांशी बोलताना मला त्याहून मोठी बाब दिसली. त्यांनी मुलीला एकदाही न विचारता तिच्यावरचा निकाल लिहून ठेवला होता आणि मैत्रिणीला साक्षीदार केले होते. शांती तर त्यांची गेली होतीच, पण अन्याय तिच्यावर झाला होता. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या दिवशी आम्ही पुढे फारसे बोललो नाही.

शनिवारचा बेत त्यांनी रद्द केला. रविवारी सकाळी फोन करून ते म्हणाले, "बाळा, तीन आठवडे तू नऊचा फोन घेत नाहीस, एवढंच मला माहीत आहे. का, ते माहीत नाही. तुझ्या मैत्रिणीला मी परस्पर विचारलं, ते चुकलं. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग." पलीकडून काहीच उत्तर आले नाही. दोन दिवसांनी एक लांबलचक संदेश आला. ती दोन विषयांत नापास झाली होती, रात्री मैत्रिणींबरोबर त्याच विषयांच्या नोट्सची देवाणघेवाण करत जागत होती, आणि फोन उचलला की बाबांचा पहिला प्रश्न "अभ्यास कसा चाललाय?" हाच असणार, म्हणून उचलत नव्हती. काहीतरी बिनसले आहे हा वडिलांचा ठसा खरा निघाला. त्यावर त्यांनी रचलेले बाकी सारे खोटे.

शेवटच्या भेटीला ते वही घेऊन आले. मुलीने दोन्ही विषयांची परीक्षा पुन्हा दिली होती. डाव्या बाजूला त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिले होते: 'निकाल अजून लागलेला नाही.' उजव्या बाजूला एक ओळ लिहून खोडलेली होती. ती काय होती हे मी विचारले नाही.